पाचव्या दिवशीची ओल

पाणी तोडल्याला आज पाचवा दिवस होता, आणि शिवप्रकाशनं बादलीतल्या मातीत खुपसलेलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत ओलं होऊन वर आलं. त्यानं ते डोळ्यांसमोर धरलं, चिमटीत माती चोळून पाहिली, वास घेतला. गटारीवरची फरशी उचलल्यावर येतो तसला वास. पाऊस उघडून आठ दिवस झालेले, बादल्यांवर टाकीच्या पत्र्याची सावली होती खरी, पण भाद्रपदातलं परभणीचं ऊन असं की दोरीवरची चादर अर्ध्या तासात वाळून कडक व्हावी. तरी माती ओली. त्यानं दुसऱ्या बादलीत बोट घातलं, तीही ओली. तिसरीत घालायचा त्याला धीर झाला नाही. टाकीला पाठ लावून तो तसाच उकिडवा बसून राहिला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं, त्या प्रत्येक झटक्याला त्याची मान आपोआप तिकडं वळायची. आपण पाच दिवस थेंब घातलेला नाही. म्हणजे दुसरं कुणीतरी घालतंय. म्हणजे कुणाला तरी माहीत आहे.

त्या तीन बादल्यांमध्ये गांजाची झाडं होती. हे वाक्य शिवप्रकाश मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. 'वरची' म्हणायचा. वरची बघून येतो, वरची सुकायलीत, असं स्वतःशीच. एकतीस वर्षं विद्यापीठाच्या मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस, कुणाच्या उसाच्या कांड्याला न विचारता हात लावला नाही कधी, आणि साठाव्या वर्षी असला गुन्हा करून बसला होता. तोही पुढच्या दोन खोल्यांत बालाजी नावाचा पोलीस शिपाई भाडेकरू असताना. याला धाडस म्हणावं की येडेपणा, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. बिया आणल्या त्या मानवतहून, त्रिवेणीच्या चुलतभावाकडून. चन्नप्पा त्याचं नाव. पुडी हातात देताना चन्नप्पा म्हणाला होता, "आमच्या काकानं जलमभर गुडघ्याला पाला वाटून लावला, दाजी. दुखणं जायचं न्हाई, पण झोप लागायची." झोप. तेवढा एक शब्द घेऊन शिवप्रकाश एसटीत बसला, आणि परभणी येईपर्यंत खिशावरचा हात त्यानं काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्रिवेणीला नागीण झाली. पाठीपासून निघून उजव्या कुशीवरून पोटापर्यंत. फोड पंधरा दिवसांत वाळले, खपल्या पडल्या, शेजारणी म्हणाल्या सुटलात बाई. पण आग राहिली ती राहिलीच. पदर टेकला तरी ती दात आवळायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आग जराशीक कमी व्हायची आणि डोकं गरगरायचं. तसल्याच गरगरीत ती एके सकाळी अंगणात ओल्या फरशीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. त्या दिवसापासून शिवप्रकाशनं तिचा हात सोडला नाही. मोरीपर्यंत हात, देवघरापर्यंत हात, कॉटवर बसताना पाठीमागं हात. खिडक्या लावून टाकल्या, वारं लागू नये म्हणून. अंगण उकरून खडबडीत टाइल्स बसवून घेतल्या, घसरायची सोयच ठेवली नाही. कडेला बेलाचं झाड होतं, मुळ्या नालीत शिरत होत्या, तेही काढून टाकलं. गवंडी म्हणाला होता, आळं ठेवा एखादं, आप्पा. शिवप्रकाश म्हणाला, नको, माती आली की ओल आली. त्रिवेणी त्या वेळी दारात उभी होती.  ती अलीकडं बोलतच नसे फारसं. "दुखतंय का?" असं तो विचारायचा आणि ती मान हलवायची, ती होय म्हणून का नाही म्हणून, हे न कळल्यामुळं तो अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचा.

वरची पहिला दीड महिना झकास आली. सात-सात बोटांची नाजूक पानं, सकाळी बघावं तर रात्रीतून टीचभर वाढलेली. शिवप्रकाशला हर्ष व्हायचा. त्या हर्षातच त्यानं सगळं बिघडवलं. मुळात माती घेतली ती भारी काळी, पाणी धरून ठेवणारी. बादलीत असली माती कुणी घालत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण वाळू मिसळायला तो थांबला नाही. सकाळी मगभर पाणी, संध्याकाळी मगभर. मग चिमूटभर युरिया. मग कोंबडखत. मग एकोणीस-एकोणीस-एकोणीस खताची पुडी, मग गूळ-बेसन कालवून केलेलं काळं पाणी. दिवाळीपर्यंत पाला हातात यायला हवा होता. दिवाळीत तरी तिनं एक रात्र सलग झोपावं, एवढंच त्याच्या डोक्यात. आणि झाडं आधी काळपट हिरवी, तकतकीत झाली, मग पानांची टोकं जळाली, मग सगळी पानं खाली वळून पंजासारखी आवळली. खालची पिवळी पडून देठासकट लोंबायला लागली. सुकल्यासारखी दिसतात म्हणून त्यानं आणखी पाणी घातलं.

चुडाव्याचा एक म्हातारा शेतकरी त्याला अलीकडं वारंवार आठवायचा. बन्सीधर का काहीतरी नाव. मोसंबीच्या बागेची माती टॉवेलात बांधून आणली होती. शिवप्रकाश तेव्हा चाळिशीचा, आवाजात जरब. अहवालावर त्यानं लिहिलं होतं, नत्र जास्त, क्षार वाढलेले, निचरा नाही, पाणी तोडावे, आणि वर म्हाताऱ्याला सुनावलं होतं, "बाबा, झाडाला कधी भूक लागू दिली का तुमी? तहान लागू दिली का?" म्हातारा ओशाळून हसला. म्हणाला, "राहवत न्हाई ना सायब. मोटार चालू हाय, पाणी हाय, अन् झाड समोर दिसायलंय. हात थांबतच न्हाई." शिवप्रकाशला तेव्हा त्याचा राग आला होता. अडाणीपणा वाटला होता. आता बादलीसमोर बसला की त्या म्हाताऱ्याचं हसू त्याला लख्ख दिसायचं, दोन दात पडलेलं, आणि कान तापायचे.

विचारावं तर कुणाला. गेल्या आठवड्यात त्यानं गोपाळला फोन केला होता. गोपाळ हाताखाली शिकलेला पोरगा, आता प्रयोगशाळेत त्याच्याच खुर्चीत बसतो. "गोपाळ, मिरचीची दोन रोपं लावलीत घरी," असं त्यानं सुरू केलं, "पानं खाली वळायलीत. टोकं जळालीत."

"खाली वळायलीत? मिरचीची पानं वर वळतात, सर."

"ही खाली वळायलीत."

"खत काय काय दिलंय?"

शिवप्रकाशनं निम्मंच सांगितलं, तरी पलीकडून शीळ वाजल्यासारखा आवाज आला. मग गोपाळ हसला. "सर, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुमीच त्याला हाकलून दिला असता. खत बंद करा. पाणी तोडा. आठ दिवस तिकडं फिरकू नका. रोपाला काय करायचं ते रोप करतंय." आणि ठेवता ठेवता म्हणाला, "पण खाली वळणारी मिरची मी न्हाई बघितली. एक पान आणून दाखवा ना." तेव्हापासून फोन वाजला की शिवप्रकाशला वाटायचं, गोपाळच, पान मागतोय.

तर पाणी तोडलं. तोडणं सोपं नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर हात मगाकडं जायचा, आणि मग त्या हाताला दिवसभर काम सुचायचं नाही. तो त्रिवेणीची उशी नीट करायचा, पंखा दोनवरून एकवर आणायचा, हुलग्याचं कढण करून तिच्यासमोर ठेवायचा. "सकाळपासून तिसरं हाय हे," ती म्हणायची. "जाईल तेवढं जाऊ दे," तो म्हणायचा. पाच दिवस त्यानं असे काढले, आणि आज माती ओली.

तो खाली उतरला. एकोणीस पायऱ्या, कठडा नसलेल्या. जिन्याच्या दाराला त्यानं कुलूप घातलं, किल्ली स्वैपाकघरात देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि बाहेर आला. बालाजी मोटारसायकल पुसत होता. खाकी पॅन्ट, वर बनियन. शिवप्रकाश मुद्दाम थांबला. "काय बालाजी, वर टाकीकडं गेलतास का तू?"

"न्हाई बा. काल व्हॉल्व बंद करायला जाणार होतो, तर जिन्याला कुलूप तुमचं." बालाजीनं फडकं पिळलं. "कामून? काय झालं?"

"काय न्हाई. पाणी सांडल्यावानी वाटलं."

"सांगा की मग. आत्ता बघून येतो."

"नको नको," शिवप्रकाश म्हणाला, इतक्या घाईनं की बालाजीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. ते पाहणं साधं होतं की शिपायाचं होतं, यावर शिवप्रकाशनं पुढचे दोन तास घालवले. तुरुंग म्हणजे नक्की काय असतं याची त्याला कल्पना नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं फक्त एवढंच यायचं, की आपण जीपमध्ये बसलोय आणि त्रिवेणी दारात उभी आहे, आणि तिला आत न्यायला कुणी नाही. पेपरात नाव येईल, विद्यापीठातले लोक हळहळतील, ते सगळं नंतरचं. आधी तिला मोरीपर्यंत कोण नेणार?

दुपारी भांड्यांना कमलबाई आली. तिला त्यानं आडून विचारलं, जिन्याची किल्ली घेतली होती का. कमलबाईनं राखेचा हात कपाळाला लावला. "त्या जिन्याकडं मला बघवत बी न्हाई, आप्पा. गुडघे हैत का माझे? अन् सकाळी मी येते तवा तुमी भाजीला गेलेले. घरात अक्काच असत्यात."

"अन् दुसरं कोण येतं का तवा?"

"कोण येणार? अक्काच. पूजा करत्यात अन् बसत्यात." तिनं तवा उलटा घातला. शिवप्रकाशच्या कानावर ते आलं आणि गेलं. त्रिवेणी पूजा करते आणि बसते, यात ऐकण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी तो पुन्हा वर गेला, मातीचा सामू, म्हणजे आंबट-खारेपणा, मोजायचा जुना कागद खिशात घालून. बादलीतल्या मातीवर पांढरा थर धरला होता. खताचे क्षार वर आलेत, असं त्यानं दोन दिवसांपूर्वीच स्वतःला सांगून टाकलं होतं. आता थोडी माती पाण्यात कालवून कागद बुडवला, तर रंग भलताच गडद आला. युरियानं एवढा यायचा नाही. राख कालवल्यासारखा येतोय, असं मनात आलं तशी त्यानं तो थर बोटावर घेतला आणि दोन बोटांत चोळला. मऊ होता. क्षार करकरतात, हे मऊ होतं, गार होतं, आणि त्या स्पर्शाबरोबर त्याला एकदम लहानपणची पहाट आठवली, आईनं बोटं बुडवून कपाळावर ओढलेल्या तीन रेघा. त्यानं घाईघाईनं मातीत बोटं घातली. एक काळं पडलेलं तीन पानी बेलाचं पान वर आलं. त्याच्याखाली आणखी एक. तिसऱ्या बादलीत ताजं, त्यानंच बाजारातून आणलेल्या पुडीतलं, आज सकाळचं, अजून हिरवं.

पूजेचं पाणी मोरीत टाकायचं नसतं. गळ्यातल्या लिंगाला घातलेलं पाणी, विभूती धुतलेलं पाणी पायदळी येऊ द्यायचं नसतं. झाडाच्या बुडाला घालायचं. हे काय त्याला नवं होतं? घरात ते पाणी चाळीस वर्षं बेलाला जात होतं. बेल त्यानं वैशाखात काढला. अंगणात टाइल्स आल्या. तेव्हापासून ते पाणी कुठं जातं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. 'दुखतंय का' हे दिवसातून वीस वेळा विचारलं होतं. ज्या घरात तिला तांब्याभर पाणी ओतायला टीचभर माती त्यानं ठेवली नव्हती, त्या घरात माती फक्त इथं उरली होती, या तीन बादल्यांत, एकोणीस पायऱ्यांवर. त्याला आधी भीती वाटली. गोळी घेऊन ती या पायऱ्या चढते? मग रागच आला. एवढं जपतोय, आणि ही? खाली जाऊन आत्ताच्या आत्ता बोलायचं, किल्ली कनवटीला लावायची, असं ठरवून तो उठला. पण स्वैपाकघरात आला तेव्हा त्रिवेणी कॉटच्या कडेला बसून लसूण सोलत होती, आणि त्यानं काहीच विचारलं नाही. किल्ली खिळ्याला अडकवली. खिळा तिच्या खांद्याच्या उंचीवर होता. अडकवताना हे त्याला पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो पिशवी घेऊन निघाला. कोपऱ्यावर स्कूटर लावली, मागच्या बोळानं परत आला आणि अंगणातल्या न्हाणीत शिरून आतून कडी घातली. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहायला त्याला लाज वाटत होती. न्हाणीच्या झरोक्यातून जिना दिसायचा आणि वर गच्चीची कड. बराच वेळ काही झालं नाही. भांडं वाजलं, कमलबाई येऊन गेली. मग कुलूप निघाल्याचा आवाज आला आणि त्रिवेणी जिन्याशी दिसली. ओले केस, कपाळावर विभूती, डाव्या हातात तांब्या. उजवा हात, मोडून बसलेला, तिनं भिंतीला टेकवला आणि पहिली पायरी चढली. दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. शिवप्रकाश मोजत होता. नवव्या पायरीवर ती थांबली आणि तिनं डोळे मिटले. गरगर. त्याला माहीत होती ती, तो तिच्या हाताच्या पकडीवरून ओळखायचा. त्याचा हात कडीवर गेला. चौदाव्या पायरीवर तांब्या हिंदकळला, पाणी पायरीवर सांडलं, आणि तिचा पाऊल ठेवायला निघालेला पाय हवेत तसाच राहिला. त्यानं कडी अर्धी काढली. हाक मारली तर ती दचकेल. धावलो तर दचकेल. नाही धावलो तर. त्यानं नळाची तोटी घट्ट धरून ठेवली. तिनं पाय चाचपून कोरड्या जागी ठेवला. पंधरा. सोळा. एकोणीस.

ती दिसेनाशी झाली. आता पाणी घालेल आणि उतरेल, उतरताना जास्त धोका, असं तो मनात म्हणत होता. पण ती उतरली नाही. थोड्या वेळानं गच्चीच्या कडेला, टाकीच्या ओट्यावर ती येऊन बसली. पूर्वेकडं तोंड, वाऱ्याकडं पाठ. तिनं पाठीवरचा पदर ओढून मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. विद्यापीठाच्या रानावरून येणारं वारं, ज्यासाठी त्यानं घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या होत्या, ते तिच्या त्या उघड्या, आगीच्या पाठीवरून जात होतं. ती नुसती बसली होती. मग तिनं मान वर केली. दुखणं गेलेला चेहरा नव्हता तो. दुखत होतंच, ओठ आवळलेले होते. पण त्या चेहऱ्याला कुणी काही विचारत नव्हतं. दोन वर्षांत शिवप्रकाशनं तो चेहरा पाहिला नव्हता, कारण तो समोर असला की ती तो चेहरा ठेवत नसे. त्याला वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं, कुणी पंक्तीतून उठवावं तसं. डोळे पुसून तो तिथंच थांबला. ती उतरेपर्यंत त्यानं पुन्हा एकोणीस मोजले, आणि या वेळी कडीला हात लावला नाही.

मग बोळानं बाहेर पडून तो खरोखर बाजारात गेला. गवार घेतली, शेपू घेतली, गरज नसताना लिंबं घेतली. झाडं काही जगायची नाहीत, मुळ्या कुजल्यात, हे आता त्याला स्वच्छ दिसत होतं. दिवाळी येईल. तिच्या झोपेचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. जिन्याला कठडा बसवावा असं लिंबं निवडताना मनात आलं, पण मग ती चढते हे आपल्याला माहीत आहे असं होईल, आणि तसं झालं की आपला हात तिच्या दंडाला जाणार, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.

घरी आला तर अकरा वाजून गेले होते. त्रिवेणीनं ताटं घेतली होती. तिचे केस वाऱ्यानं विस्कटलेले होते आणि अंगठ्याच्या नखात काळी माती होती. "आज लय उशीर झाला," ती म्हणाली.

"बाजारात गर्दी होती."

तिनं भाकरी वाढली. वाढता वाढता, ताटाकडंच बघत म्हणाली, "माझा बाप त्याला कधी पाणी घालायचा न्हाई. बांधावर आपसुक यायचं ते. दगडात."

शिवप्रकाशनं आधी भिंतीकडं कान दिला. पलीकडच्या खोलीत बालाजीचा रेडिओ चालू होता.

"तुमचं अन् माझं, दोघांचं पाणी मिळून बुडालं बगा ते," ती म्हणाली, आणि तिच्या ओठाची एक कड किंचित वर गेली. मग वरण वाढलं, पळी भांड्यात ठेवली. "उद्या बी असंल का गर्दी?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "असंल," तो म्हणाला. "रोजच असती आजकाल."

"मग निवांत या."

ती समोर बसली, तेव्हा पदर कुशीला लागला असावा, कारण तिनं दात आवळले. दुखतंय का, हे शिवप्रकाशच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.